चार पुडांचा डबा आणि रिकामा खिळा

मित्रांनो, मला भेटायचं असेल तर मुर्तिनीच्या स्वयंपाकघरात या आणि मान जरा वर करा. चुलीच्या डाव्या हाताला भिंतीवर खिळ्यांची रांग दिसेल. पहिल्या खिळ्यावर चाळणी, मग झारा, मग करवंटीची पळी, मग बांबूची सुपली, आणि शेवटच्या जाड खिळ्यावर मी. चार पुडांचा एक जुना डबा. आमच्या क्लातेन गावाकडे मला रांतांग म्हणतात, पण तुम्ही डबाच म्हणा. हाक प्रेमाची असली की मी ओ देतो.

अंगावर पांढरं इनॅमल, त्यावर हिरवी फुलं. आता त्यातली निम्मी फुलं टवक्यांनी खाल्ली आहेत आणि तिथे काळे डाग पडलेत. एक कडी जरा वाकडी बसते. बुडाला हिरव्या रंगात मुर्तिनीचं नाव आहे. ते मात्र अजून ठळक आहे. त्या नावाबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याचे गोल कापले, दाबून त्यांना आकार दिला, पांढऱ्या लेपात बुडवलं आणि भट्टीत लोटलं. बाहेर आलो तर आरशासारखा चकचकत होतो. मग एका बाईने माझ्या अंगावर फुलांचे ठसे उमटवले आणि मला पुन्हा भट्टीत घातलं. तेव्हा वाटलं होतं, जगात याहून मोठा चटका नसणार. नवा होतो, मला काय ठाऊक!

बाजारात मुर्तिनीच्या आईने मला उचललं. प्रत्येक पुडावर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावून ऐकलं, कड्या तीन-तीनदा उघडून लावून पाहिल्या. दुकानदार वैतागून म्हणाला, "मावशी, डबा घेताय की जावई?"

"जावई मिळालाय," ती म्हणाली. "तो असा वाजवून बघता आला नाही, म्हणून डबा तरी बघून घेते."

असा मी मुर्तिनीच्या लग्नात तिच्याबरोबर सासरी आलो. आल्या आल्या तिने मला पालथं घातलं आणि खिडकीला लावून उरलेल्या हिरव्या रंगाने बुडावर नाव काढलं. आमच्याकडे सगळ्याच भांड्यांना असं नाव असतं. कुणाच्या घरी लग्नकार्य निघालं की वस्तीतल्या साऱ्या बायका स्वयंपाकाला जमतात, येताना आपापली भांडी आणतात, आणि रात्री त्या ढिगाऱ्यातून कुणाचं काय ते बुडावरच्या नावानेच कळतं. मला त्या नावाचा फार अभिमान होता. आपण कुणाचे तरी आहोत हे अंगावर लिहिलेलं असणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

मुर्तिनीच्या घरात काही म्हणजे काही वाया जात नसे. तांदूळ धुतलेलं पाणी मिरचीच्या रोपांना. उरलेला भात उन्हात वाळवून त्याच्या कुरड्यांसारख्या कापण्या तळायच्या. तळून झालेलं तेल कोमट असताना फडक्यातून गाळून ठेवायचं, गार झाल्यावर ते फडक्यातून नीट उतरतच नाही. मिठात भाजलेल्या तांदळाचे चार दाणे, म्हणजे मीठ ओलं होत नाही. मिरच्या देठं काढून ठेवायच्या. बाटिकचं लुगडं आधी नेसायचं, मग त्याची बाळाची झोळी, मग हातपुसणं, मग पायपुसणं, आणि अगदी चिंध्या झाल्या की त्यांनी चूल पेटवायची. भात शिजवायला घेतला की मापातून एक चिमूट तांदूळ परत काढून शेजारच्या डब्यात टाकायचे. चिमटीने घरातला भात कमी होत नाही, पण तो डबा मात्र भरत राहतो.

आणि प्रत्येक वस्तूला तिचा खिळा. तिचा नवरा हसून म्हणायचा, "या घरात मीसुद्धा खिळ्यावरच असतो. फक्त बाहेरून दिसत नाही."

गावभर बायका म्हणायच्या, संसार शिकावा तर मुर्तिनीकडून. पण मित्रांनो, मी भिंतीवरून सगळं पाहिलेलं आहे. ही सगळी शिकवण मूळची तिची नव्हती. ती होती यू कातिनेमची.

यू म्हणजे थोरली बहीण. नात्याने नव्हे, मानाने. कातिनेमचं घर आमच्या समोरच, गल्लीच्या त्या बाजूला. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. उकडलेल्या सोयाबीनला विरजण लावून ती केळीच्या पानांत बांधायची, आणि दोन दिवसांत त्याची कापसासारखी पांढरी घट्ट वडी व्हायची. ती तेंपे विकून तिचं घर चालायचं. मुर्तिनी नवी नवरी होती तेव्हा रोज भात करपवायची आणि पुढच्या दारी बसून रडायची. कातिनेमने कुंपणावरून डोकावून पाहिलं.

"काय जळतंय गं?"

"भात."

"आणि रडतंय कोण?"

"मी."

"मग आधी तू गप्प हो. भाताचं बघू. बुडाला केळीचं पान घालतात, एवढंही तुझ्या आईने सांगितलं नाही?"

असं सुरू झालं. तेल कोमट असताना गाळ, हे कातिनेमने सांगितलं. अंडी टिकवायची तर कोंड्यात, टोक खाली आणि फुगीर बाजू वर करून रोवायची, हेही तिनेच. "माणसासारखंच आहे ते," ती म्हणायची, "डोक्यावर उभं केलं की नासतं." मुर्तिनी शिकली, तिच्याही पुढे गेली, आणि लोकांनी मुर्तिनीचं नाव घेतलं. कातिनेमला त्याचं काही वाटलं नाही. उलट ती इतरांना सांगायची, "जा, मुर्तिनीला विचार. तिला जास्त माहीत."

कातिनेमचे गुडघे दुखायला लागले तेव्हापासून दर शुक्रवारी मी तिच्या घरी जाऊ लागलो. खालच्या पुडात भात, त्यावर नारळाच्या दुधातली भाजी, त्यावर काहीतरी तळलेलं, आणि सगळ्यात वर सांबाल, म्हणजे मिरचीचा ठेचा. वरचा पूड लहान असतो आणि तिखटाला लहानच जागा बरी. तो भात त्या चिमटी-चिमटीने साठवलेल्या तांदळाचा असे. मुर्तिनीची काटकसर कुठे जाते हे जगात फक्त मला आणि त्या शुक्रवारांना ठाऊक होतं. मी तेव्हा ऊर फुगवून चालायचो. म्हणजे चालायची मुर्तिनी, पण वाटायचं मला.

आमच्याकडे एक रीत आहे. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काहीतरी घालायचं त्यात, अगदी साखरेची पुडी, लिंबाची पानं, चार मिरच्या, काहीही. कातिनेम मला परत पाठवायची तेव्हा चारही पुडांत ताजे तेंपे असायचे. त्यांचा उबदार वास माझ्या अंगाला दुसऱ्या दिवसापर्यंत यायचा. एकदा मुर्तिनी म्हणाली, "यू, तू किती घालतेस गं! तू विकणार काय मग?"

"का? रिकामा पाठवू?"

"रिकामा पाठवून तर बघ! तसाच उलट पाठवीन हां. माझ्या घरात रिकाम्या भांड्याला खिळा नाही."

दोघी हसल्या. मीही हसलो, कड्या वाजवून. मित्रांनो, काही वाक्यं हसत बोललेली असतात, आणि ऐकणारा ती जपून ठेवतो.

मग कातिनेमला पानं बांधत बसवेना. तेंपे बंद झाले. आता माझ्या पुडांतून तिच्या परसातलं काही यायचं, शेवग्याचा पाला, आंबट बिलिंब्या, कधी एक पिकलेली पपई. मुर्तिनीच्या मुलाचं लग्न झालं आणि वुलान सून म्हणून घरात आली, त्या वर्षी मी एकदा चार बिलिंब्या घेऊन आलो होतो. वुलानला हसू आवरेना.

"आई, चार पुडांतून चार बिलिंब्या! प्रत्येकीला स्वतंत्र खोली दिलीय त्यांनी."

मुर्तिनी एकदम गंभीर झाली. "पोरी, दुसऱ्याच्या घरून आलेलं मोजायचं नसतं. मासळीत घाल आणि गप्प बस." त्या दिवशी मला वाटलं, मी योग्य घरात पडलो.

त्या साली उन्हाळा लांबला. कातिनेमची विहीर तळाला गेली, शेवगा वाळला, बिलिंबीने फुलंच धरली नाहीत. मी एका शुक्रवारी तिच्याकडे गेलो, आणि परत आलो नाही.

नाही, तिने मला ठेवून घेतलं नव्हतं. तिने मला घासलं. राखेने घासलं, नारळाच्या शेंडीने घासलं, कुंपणावर उलटा वाळवला, पुसला आणि चुलीजवळच्या तुळईला टांगला. दुसऱ्या दिवशी खाली काढला, परसात नेला, चारी बाजूंना पाहिलं. घालण्यासारखं एक पान नव्हतं. परत आणून टांगला. तिसऱ्या दिवशी तसंच. रोज ती मला पुसायची आणि म्हणायची, "थांब रे बाबा. तुला असा उघडा कसा पाठवू?"

तिची एक कोंबडी होती, मानेवर पिसं नसलेली, चिडकी. कातिनेमचा सारा भरवसा आता तिच्यावर. "ही घालायला लागू दे," ती मला सांगायची, "मग तुझ्यात अंडी घालून पाठवते. मुर्तिनीला अंडी आवडतात."

आणि समोरच्या घरी माझा खिळा रिकामा होता. नीटनेटक्या घरात हेच असतं. कमी झालेली वस्तू उठल्या-बसल्या डोळ्याला टोचते. मुर्तिनी सकाळी चूल पेटवताना त्या खिळ्याकडे बघायची. वुलान म्हणाली होती, "आई, शुक्रवारचं जेवण दुसऱ्या डब्यातून देऊन येऊ का?" तर मुर्तिनी म्हणाली, "आधी तो येऊ दे. काहीतरी शिस्त हवी की नको?" हे मला पुढे वुलानच्या तोंडून कळलं. मला एवढंच दिसत होतं की शुक्रवार आला आणि दारात कुणी आलं नाही. पुढचा शुक्रवार आला, तेव्हाही नाही. कातिनेमने तांदळाच्या पेजेत मीठ घातलं आणि माझ्याकडे न बघता प्यायली.

तुम्ही म्हणाल, मुर्तिनीने येऊन विचारायचं की सरळ. आमच्याकडे दिलेलं भांडं कुणी मागायला जात नाही. भांडं मागितलं की त्यातलं जेवणही परत मागितल्यासारखं होतं. म्हणून मुर्तिनी विचारायला आली नाही. ती दुसरीकडे बोलली.

भाजीची गाडी कातिनेमच्या खिडकीखालीच थांबते. एका सकाळी बाहेर बायकांचा गलका होता. त्यात मला मुर्तिनीचा आवाज ओळखू आला, आणि मी आनंदाने तुळईवर हललोच. तिच्याबरोबर हार्नी होती. हार्नीचं घर गल्लीच्या तोंडाशी आहे, आणि गल्लीतली प्रत्येक बातमी तिच्या दारावरूनच आत-बाहेर करते.

"काय गं मुर्तिनी, हल्ली शुक्रवारची तुझी फेरी दिसत नाही?"

"कशी दिसेल? डबाच घरात नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. खिळा रिकामा आहे."

"मग कुणाकडे आहे?"

"मी कुणाचं नाव घेत नाही बाई. लोकांना भांडी नेताना आठवतं, देताना आठवत नाही. वय झालं की असं होत असेल."

तिने नाव घेतलं नाही. पण बोलताना कुठे पाहिलं असेल ते मला भिंतीआडूनही कळलं, कारण हार्नी लांब सूर काढून म्हणाली, "अस्सं होय!"

कातिनेम कोंबडीला दाणे टाकत होती. तिची मूठ तशीच राहिली. कोंबडी वर बघत राहिली. मग कातिनेम माझ्याकडे वळून म्हणाली, "कालपर्यंत रिकामा नेला असता तर नुसती लाज गेली असती. आता रिकामा नेला तर चोराने आणून दिल्यासारखं होईल. आता तुला भरूनच न्यायला हवा."

मित्रांनो, मला त्या क्षणी तोंड असतं तर! पण भांड्याला आवाज असतो, बोलणं नसतं.

कोंबडी एकदाची घालायला लागली. कातिनेमने माझ्या सगळ्यात खालच्या पुडात कोंडा भरला आणि पहिलं अंडं त्यात रोवलं, टोक खाली. स्वतः एकही खाल्लं नाही. "एक-दोन घेऊन गेलं तर ते भीक दिल्यासारखं दिसतं," ती म्हणाली. "जरा जमू देत." रोज एक अंडं यायचं, कधी खाडा पडायचा. रोवताना ती बोटांनी कोंडा असा दाबायची की मी कितीही हललो तरी आत काही हलू नये. माझ्या आयुष्यात खूप काही भरलं गेलं, पण इतक्या जपून कधी नाही. कोंडा जवळजवळ काठाला आला तेव्हा तिने बोट लावून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. "लग्नाची गडबड उरकली की नेऊ."

लग्न हार्नीच्याच घरी होतं, तिच्या मुलीचं. रिवाजाप्रमाणे सगळ्या बायका पहाटेपासून तिच्या अंगणात. कातिनेमही गेली, गुडघे धरत. बसून करायचं काम म्हणून तिला छोटे कांदे सोलायला दिले. मध्येच कढया कमी पडल्या. कातिनेम म्हणाली, "माझ्या घरी मोठी कढई आहे, चुलीमागे. घर उघडंच आहे, कुणीही घेऊन या." आणि आणायला निघाली स्वतः हार्नी.

तिने चुलीमागून कढई घेतली, वळली, आणि तिला मी दिसलो. तिने मान वाकडी करून माझं बूड पाहिलं. मला वाटलं, आता ही झाकण उघडेल. तिने उघडलं नाही. कढई कमरेवर घेतली, मला हातात घेतलं आणि झपाझप चालू लागली.

अंगणात बायका गोल करून बसल्या होत्या. कुणी नारळ खवत होतं, कुणी मिरच्यांची देठं काढत होतं. मुर्तिनी भाताच्या मोठ्या पातेल्यापाशी होती.

"मुर्तिनी, ए मुर्तिनी! तुझा खिळा भरला बघ!"

"काय गं?"

"हा बघ कोण सापडला! कातिनेमच्या तुळईला लटकला होता, नवरदेवासारखा घासूनपुसून." तिने मला सगळ्यांच्या डोक्यावर उंच धरलं. "नाव वाचा, नाव! म्हणजे कुणी म्हणायला नको मी खोटं बोलते."

कुणीतरी फिसकन हसलं. मग खवणीचा आवाज थांबला. कातिनेम हातातल्या सुरीसकट उठली. "मुर्तिनी, मी आणणारच होते गं..."

"आणणार होतीस ना," हार्नी म्हणाली, "मग वाट कुणाची बघत होतीस? मुहूर्ताची?"

आता सगळ्या मुर्तिनीकडे बघत होत्या. मीही. मित्रांनो, तिने फक्त म्हणायचं होतं, "अगं, मीच दिलाय तिला." कुणालाही बोलता आलं असतं इतकं सोपं. करपलेल्या भाताची, केळीच्या पानाची, इतक्या शुक्रवारांची शपथ घालून मी तिच्याकडे बघत होतो.

मुर्तिनीने पदराच्या टोकाला हात पुसले. मला हार्नीच्या हातातून घेतलं. मला वर धरून बुडावरच्या नावावरून अंगठा फिरवला, जणू ते अजून तिथेच आहे ना याची खात्री करावी. आणि म्हणाली, "बरं झालं, सापडला."

माझ्याच अंगावरचं माझ्या अभिमानाचं नाव. त्याने त्या दिवशी एका निरपराध बाईविरुद्ध साक्ष दिली, आणि मला कुणी विचारलं नाही.

कातिनेम पुन्हा खाली बसली. कांदे सोलू लागली. कांदा सोलताना डोळ्यांतून पाणी येतंच, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. ढीग संपेपर्यंत सोलले, मग सुरी धुऊन जागेवर ठेवली आणि न जेवता घरी गेली. कढई तिने हार्नीकडेच राहू दिली.

मुर्तिनीने घरी येऊन मला खिळ्यावर अडकवलं. मी जड आहे हे तिच्या हाताला कळायला हवं होतं. एरवी डब्यात भात किती उरलाय ते ती उचलून सांगायची. पण रागातल्या हाताला वजन कळत नाही. रात्रभर मी ते ओझं घेऊन लटकत राहिलो.

सकाळी वुलानने मला धुवायला काढलं. वरचे पूड रिकामे, स्वच्छ. खालचा उघडला आणि तिने हाक मारली, "आई, जरा बघता का? यात अंडी आहेत."

"कसली अंडी?"

"कोंड्यात लावलेली. एक तडकलंय, काल आपटलं असेल."

मुर्तिनी आली. वाकून पाहिलं. अंडी ओळीने उभी होती, टोक खाली, फुगीर बाजू वर. या वस्तीत असं लावणाऱ्या दोनच बायका. एक दुसरीकडून शिकलेली. मुर्तिनी चुलीपुढच्या पाटावर बसली ती बसूनच राहिली. दूध उतू गेलं. त्या घरात मी पहिल्यांदाच दूध उतू जाताना पाहिलं.

वुलान हळूच म्हणाली, "म्हणजे त्या रिकामा द्यायचा नाही म्हणून थांबल्या होत्या. आपल्यासाठी साठवत होत्या."

"माझ्याशी बोलू नकोस."

"मी काय केलं आई?"

"तू काही केलं नाहीस. म्हणूनच म्हणते, बोलू नकोस."

शुक्रवारी मुर्तिनीने हात राखला नाही. भात, नारळाच्या दुधातली फणसाची भाजी, तळलेले मासे, सांबाल. पदर सारखा करत ती मला घेऊन गल्ली ओलांडून गेली. कातिनेम दारातच होती.

"यू, थोडं जेवण..."

"थांब," कातिनेम म्हणाली. पूर्वी ती "ये, बस" म्हणायची.

ती आत गेली आणि आपली ताटली, एक वाटी, एक करवंटी आणि केळीचं पान घेऊन आली. तिच्याकडे भांडी तेवढीच. उंबऱ्यावर बसून तिने माझा एक-एक पूड उघडला. भात ताटलीत, भाजी वाटीत, मासे पानावर, सांबाल करवंटीत. कुठे शीत राहू दिलं नाही. मग फडक्याने मला आतून पुसलं, पूड एकावर एक रचले, कड्या लावल्या, आणि मला मुर्तिनीच्या हातात दिलं. रिकामा.

"राहू दे ना यू. सावकाश पाठव."

"नको बाई. भांडं रात्रभर राहिलं की सापडतं."

मुर्तिनी पायरी उतरली. जाता जाता कशीबशी म्हणाली, "आणि ती अंडी..."

"डबा तुझा. त्यातलं तुझं," कातिनेम म्हणाली. "तडकलेलं आधी खा, टिकणार नाही."

तेव्हापासून दर शुक्रवारी असंच चाललंय. मुर्तिनी मला भरून नेते. कातिनेम जेवण घेते. अन्नावर राग काढायची तिची रीत नाही. पण मी तिच्या उंबऱ्याच्या आत गेलेलो नाही. हार्नीला मुर्तिनीने पुढे भाजीच्या गाडीपाशी सगळ्यांसमोर सांगितलं, डबा मीच दिला होता, चूक माझी. हार्नी म्हणाली, "असं होय! मग तेव्हाच का नाही बोललीस?"

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमचं घर मांडाल. मुर्तिनीचं घर अजूनही शिकण्यासारखंच आहे, तेव्हा शिका. तेल कोमट असताना गाळा. मिठात भाजलेले तांदूळ टाका. इनॅमलचं भांडं कधी आपटू नका, टवका उडाला की तिथून गंज धरतो, आणि तो बाहेरून घासून जात नाही. ओलं भांडं झाकण लावून ठेवू नका, वास धरतं. भांड्याला खुशाल नाव घाला. पण कधी एखादा खिळा बरेच दिवस रिकामा दिसला, तर दुसऱ्या कुणाशी बोलायच्या आधी स्वतः त्या घरी जा. डबा विचारू नका. तिथल्या चुलीवर आज काय आहे ते विचारा. आणि कुणी तुमच्यादेखत माझ्यासारख्या भांड्याला उंच धरून नाव वाचून दाखवू लागलं, तर आधी म्हणा, "झाकण उघड, आत काय आहे बघू."

आज शुक्रवार. आम्ही आत्ताच परत आलो. भरलेला असलो की मी मुका असतो, रिकामा असलो की खडखडतो. पूड पुडावर आपटतात, वाकडी कडी किणकिणते, आणि सगळ्या गल्लीला कळतं की मुर्तिनीचा डबा रिकामा परत चाललाय. म्हणून परत येताना मुर्तिनी मला पोटाशी दोन्ही हातांनी घट्ट धरते आणि अगदी हळू चालते.

तरी मी वाजतोच.